३६० बॅकफ्लिप आणि शार्लट वर्दिंग्टन: टोकियोला जमलं, पॅरिसला का नाही?

प्रश्न – वीसइंची

टोकियो ऑलिंपिकचा महिला बीएमएक्स फ्रीस्टाइलचा (छोट्या सायकलवर रॅम्पवरून कसरती) अंतिम सामना (१ ऑगस्ट २०२१) पुन्हा पाहिला. अमेरिकेच्या हॅना रॉबर्ट्सने पहिल्याच रनला (ठरावीक वेळेची एक फेरी) ९६.१० गुण काढले. ब्रिटनची वर्दिंग्टन पहिल्या रनला ३६० बॅकफ्लिपवर (सायकलसह मागे कोलांटी घेतानाच बाजूलाही पूर्ण गोल फिरणं) आपटली, दुसऱ्यात तीच ट्रिक मारली आणि ९७.५० घेऊन सुवर्ण नेलं. स्पर्धेत ही ट्रिक लँड करणारी ती पहिली महिला. पण पॅरिसला २०२४ मध्ये तीच रायडर अंतिम फेरीतही नव्हती. फॉर्म गेला म्हणायचा की आणखी काही? शिवाय ही ट्रिक साध्या बॅकफ्लिपपेक्षा नेमकी कुठे अवघड आहे, तेही कुणीतरी सांगा. बॅकफ्लिप मारतो त्याने नुसती मान फिरवली की झालं, असं एकाचं म्हणणं आहे.

उत्तर १ – कोपिंग

आधी गुणांचं गणित. अंतिम फेरीत प्रत्येकीला ६० सेकंदांचे दोन रन मिळतात आणि त्यातला चांगला तेवढाच धरतात. म्हणजे पहिल्या रनला पडलं तरी नुकसान शून्य. समोर ९६.१० लागलेले असताना सुरक्षित रन मारून जास्तीत जास्त रौप्य हाती येतं, त्यामुळे दुसऱ्यांदाही तीच ट्रिक मारणं हा वेडेपणा नव्हता. उत्तर द्यायची संधी रॉबर्ट्सकडे होती, पण तिचं सुरुवातीलाच लँडिंग बिघडलं आणि तिने रन सोडून दिला.

पात्रता फेरीचा हिशेब वेगळा: तिथे दोन्ही रनची सरासरी. समजा एका रनला ९० मिळाले आणि दुसऱ्यात लवकर पडून २० मिळाले, तर हातात ५५. टोकियोला नऊच जणी होत्या आणि नऊही अंतिम फेरीत, पात्रता फेरी फक्त क्रम लावायला. पॅरिसला बारा, त्यातल्या नऊ पुढे. एक पडणं तिथे थेट घरी पाठवू शकतं. फॉर्मचा वाटा असेलही, पण नियमाचा आधी बघा.

उत्तर २ – लिपवरून

मान फिरवून काही होत नाही. बॅकफ्लिपमध्ये अक्ष एकच, कानातून कानात जाणारा. ३६० बॅकफ्लिपमध्ये तो तिरका पाडावा लागतो आणि हे काम हवेत नाही, लिपवर (रॅम्पची वरची कड) होतं. लिपचा शेवटचा हातभर भाग उरला की खांदे ज्या बाजूला फिरायचं तिकडे किंचित उघडायचे. पुढचं चाक सुटलं की हँडल कमरेकडे ओढायचं आणि डोकं सरळ मागे न टाकता त्या बाजूच्या खांद्यावरून न्यायचं. डावीकडे फिरणाऱ्याची नजर डाव्या खांद्यावरून जाते आणि लँडिंग तिथूनच शोधते. गुडघे जवळ घेतले तर वेग वाढतो, लँडिंग दिसलं की पाय लांब करून तो कमी करायचा.

चुका ठरलेल्या आहेत. खांदे फार लवकर उघडले तर चाक लिपला आडवं घासतं, उंची जाते आणि फ्लिप अर्धवट राहतो. डोकं आधी सरळ मागे गेलं तर फ्लिप पूर्ण होतो पण स्पिन अर्ध्यावर अडकतो, सायकल आडवी येते आणि पुढचं चाक मुडपतं. घाबरून हँडल ओढायला उशीर झाला तर लँडिंगच्या उताराआधीच्या सपाट टेबलावरच उतरता.

आधी सरळ ३६० आणि बॅकफ्लिप, दोन्ही बॉक्सवर (उडी मारायचा रॅम्प) झोपेतही निघाले पाहिजेत. क्वार्टर पाइपवरचा (वर उभा होत जाणारा वक्र रॅम्प) फ्लेअर (फ्लिप अधिक १८०) येत असेल तर तिरक्या अक्षाची सवय आयती मिळते. मग फोम पिट (फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा), मग रेझी (फोमवर प्लास्टिकचा कडक पत्रा), मग लाकडी रॅम्प, याच क्रमाने.

फोम पिट खोटं बोलतो, हे लक्षात ठेवा. त्यात वीस अंश जास्त फिरलात तरी कळत नाही, कारण फोम सगळं गिळतो. रेझीवर चाकं खरी लागतात, मग चूक लगेच दिसते. रेझीवर सलग दहा नीट लँड झाल्याशिवाय लाकडावर जाऊ नये असं माझं मत.

वीसइंची

फोममध्ये जायला सायकलमध्ये काही बदल करावे लागतात का? आणि वर्दिंग्टनची मागची वाटचाल कशी, लहानपणापासून हेच?

उत्तर ३ – नऊ दात

लहानपणापासून नाही, उलट. ती आली पायाने ढकलायच्या स्टंट स्कूटरवरून, बीएमएक्सला लागली विशीत. त्याआधी शेफची नोकरी. २०१९ मध्ये युरोपियन विजेतेपद आणि जागतिक स्पर्धेत कांस्य, मग टोकियो. उशिरा सुरू करून इतक्या लवकर वर येण्यात ब्रिटिश संघाच्या सराव सोयींचा मोठा हात आहे, हे माझं वाचन. रोज फोम आणि रेझी हाताशी असणं ही छोटी गोष्ट नव्हे.

आता सायकल. पेग (चाकाच्या अक्षावरचे नळीसारखे दांडे) असतील तर काढा, फोममध्ये अडकतात आणि नडगीला लागतात. हँडलच्या दोन्ही टोकांना बार एंड (टोक बंद करणारी बुचं) घट्ट हवेतच. उघडं टोक म्हणजे गोल सुरीच, ती पोटात जाते. स्टेमचे (हँडल धरून ठेवणारा भाग) बोल्ट सत्राआधी तपासा. लँडिंगला हँडल सरकलं तर पुढची फ्लिप चुकीच्या कोनात सुरू होते आणि कारण कळत नाही. पिटमधून बाहेर काढल्यावर चेन आणि ड्रायव्हरमध्ये (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) अडकलेले फोमचे तुकडे बोटाने काढून टाका. ९ दातांच्या ड्रायव्हरवर एक तुकडा बसला तरी चेन उडी मारते, आणि ती उडी नेमकी लिपकडे पेडल मारताना येते.

टायरला लाकडावर हवेचा दाब ८० ते १०० पीएसआय. कमी हवेने लिपवर टायर दबतो, वेग जातो. आणि या ट्रिकमध्ये वेग थोडा कमी पडणं म्हणजे लँडिंगआधीच जमीन भेटणं.

उत्तर १ – कोपिंग

एक भर: वर्दिंग्टनच्या त्या दुसऱ्या रनमध्ये फ्रंटफ्लिपही होती. गुण एकंदर छापेवर देतात, ०.०० ते ९९.९९. एका ट्रिकचे वेगळे गुण नसतात. अवघडपणा, उंची, विविधता, ओघ, सफाई, सगळं एकत्र बघतात. त्यामुळे ३६० बॅकफ्लिप मारून बाकीचा मिनिट घसरत गेला असता तर ९७.५० आलेच नसते.