‘बरे झाले नाही’ असे सांगणारा इंदूरात कोणी उरला आहे का?

रामबागकर (धागा सुरू करणारे)

गेल्या महिन्यात आपल्या शहरातील एका हौशी संस्थेचे दोन अंकी नाटक पाहिले. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते त्या एका संस्थेपुरते नाही. पहिला अंक बरा झाला. दुसऱ्या अंकात वडील गेल्याची बातमी येते त्या प्रसंगी जो प्रकाश उतरायचा, तो चार-पाच वाक्ये उशिरा उतरला आणि तोवर नायिका लख्ख उजेडात विंगेकडे पाहत रडत होती. पडदा पडल्यावर आम्ही पंधरा-वीस जण रिवाजाप्रमाणे रंगमंचामागे गेलो. ‘छान झालं’, ‘बढिया’, ‘मजा आली’ असा गजर झाला. दिग्दर्शकाने माझा हात धरून ‘खरं सांगा हं’ असे म्हटले, आणि मीही ‘छान’ म्हणून बाहेर पडलो. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांत प्रेक्षक अखेरपर्यंत खिळून राहिल्याचे म्हटले होते. वाक्ये ओळखीची वाटली म्हणून मोबाइल उघडून पाहिला. संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर तोच मजकूर प्रयोगाच्या दिवशी दुपारी चार वाजता आला होता. प्रयोग सात वाजता होता.

हे ज्या शहरात घडते, त्याच शहरात राहुल बारपुते यांनी ‘नईदुनिया’ हे हिंदी दैनिक वर्षानुवर्षे संपादित केले. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदी, देवासला कुमार गंधर्वांकडे जाणे-येणे आणि रंगकर्मी बाबा डिके यांच्याबरोबर नाटकाच्या उठाठेवी, असा त्यांचा संसार होता. नळाचे पाणी, नाटक आणि गाणे हे तीन वेगळे विषय आहेत असे त्या पिढीला वाटत नसावे. आज ‘सानंद’ या येथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या एका प्रेक्षक समूहाला त्यांचे नाव आहे. मुंबई-पुण्याची नाटके या समूहांसाठी येतात, सभागृह भरते, ही मोठीच गोष्ट आहे आणि त्यात संस्थेला बोल लावण्यासारखे काही नाही. परंतु ते नाटक कसे होते, याविषयी दुसऱ्या दिवशी या शहरात कोणी परिच्छेदभर लिहिलेले मला तरी वाचायला मिळत नाही.

नागरी बाबतीतही तेच. २०१७ पासून आपण स्वच्छतेत ओळीने पहिले येत गेलो, त्याचा मलाही अभिमान आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीचे गाणे मी त्यांना कौतुकाने ऐकवतो. पण कान्ह नदीच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, आणि तेच पाणी पुढे उज्जैनजवळ शिप्रेला मिळते, एवढे बोलले तरी ‘नंबर वन शहराची बदनामी करता’ हे उत्तर ठरलेले असते.

शहराला टीकाकार हवा असतो असे माझे मत आहे. याच शहरात राहणारा, स्वतःच्या नावाने लिहिणारा, डोळ्यांनी पाहिल्यावाचून न लिहिणारा, आणि ज्याच्यावर लिहिले त्याची दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या दुकानात गाठ पडली तर तोंड न चुकवणारा. असा माणूस आपल्याला परवडेनासा झाला आहे का?

तालीममास्तर

रामबागकर, आपण ‘छान’ म्हणून बाहेर पडलात, हे मला आपल्या संपूर्ण लेखातील सर्वांत समंजस वाक्य वाटले.

आमची मंडळी बँकेतून, शाळेतून, दुकानातून सुटून रात्री साडेआठला तालमीला येतात. तालीम कोणाच्या तरी दिवाणखान्यात, सोफा भिंतीला लावून, आणि शेजाऱ्यांच्या मुलांच्या परीक्षा असतील तर दबक्या आवाजात होते. सभागृहाचे भाडे, ध्वनी, नेपथ्याचा टेम्पो हे सर्व वर्गणीतून. प्रकाशयोजनेची खरी तालीम प्रयोगाच्या दिवशी दुपारी, सभागृह ताब्यात आल्यावर जे दोन तास मिळतात त्यांतच होते. प्रकाश चार वाक्ये उशिरा का उतरला, याचे उत्तर त्या दोन तासांत आहे. आणि हा प्रयोग बहुधा एकुलता एक असतो. मुंबई-पुण्यात नाटकाचे शंभर प्रयोग होतात, तेथे तिसऱ्या प्रयोगानंतर आलेले परीक्षण चौथ्या प्रयोगात उपयोगी पडते आणि वाचणाऱ्यालाही तिकीट काढावे की नाही हे ठरवता येते. येथे सभासदाची खुर्ची वर्षाच्या आरंभीच विकली गेलेली असते आणि आमचे नाटक दुसऱ्या दिवशी सुटे होऊन माळ्यावर गेलेले असते. मग परीक्षण लिहायचे कोणासाठी?

एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत कोणी तरी आमच्या प्रमुख अभिनेत्रीचे मराठी ‘हिंदी वळणाचे’ असल्याचे लिहिले होते. वाक्य एकच होते, पण ते पुण्याच्या फूटपट्टीने मोजून लिहिलेले होते. त्या बाई चौथ्या पिढीच्या इंदूरकर. आमच्याकडे भाजी चिरत नाहीत, सुधारतात. ती चूक म्हणायची की आमची बोली, याचा विचार लिहिणाऱ्याने केला नव्हता. बाईंनी त्यानंतर रंगमंचावर पाऊल ठेवले नाही. त्या टीकाकाराने पुढे काय केले मला ठाऊक नाही, परंतु आमची एक नटी गेली.

सुदामानगरची सून

तालीममास्तर, मी पुण्याहूनच आले आहे, त्यामुळे फूटपट्टीचा आरोप थोडा माझ्यावरही येतो. ‘भाजी सुधार’ हे सासूबाईंचे शब्द पहिल्या दिवशी ऐकले तेव्हा भाजीने काय अपराध केला आहे असे मला वाटले होते. आता माझ्या माहेरी मीच ते म्हणते आणि हसून घेते.

पण परीक्षण कोणासाठी, या आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या घरात आहे. माझे आजेसासरे हौशी रंगभूमीवर काम करीत. त्यांची एक पत्र्याची पेटी आमच्याकडे आहे. तिच्यात निमंत्रणपत्रिका आहेत, दाढी लावलेले दोन फोटो आहेत, एका चांदीच्या पेल्याची पावती आहे. ते काम कसे करीत, याविषयी मात्र एक ओळ नाही. आवाज कसा होता, विनोदाला थांबत की घाई करीत, पल्लेदार वाक्य पेलत की नाही, काहीच कळत नाही. ‘प्रयोग यशस्वी झाला’ असे एक कात्रण आहे, आणि त्यावरून काहीही समजत नाही. त्या वेळी कोणी ‘दुसऱ्या अंकात ते शब्द विसरले, पण विसरल्याचे त्यांनी असे काही निभावले की’ एवढे जरी लिहिले असते, तरी माझ्या मुलांना पणजोबा भेटले असते. त्या अभिनेत्रीवर अन्याय झाला हे मला मान्य आहे, पण तो कान नसलेल्या माणसाने केला. कान असलेल्याने त्याच बाईंच्या इंदुरी मराठीवर पानभर लिहिले असते.

२००१ साली इंदूरात साहित्य संमेलन झाले तेव्हा अध्यक्षपदी विजया राजाध्यक्ष होत्या, म्हणजे एक समीक्षकच. त्यांना आपण व्यासपीठावर मान दिला. घरच्या समीक्षकाला मात्र आपण माळ्यावरच ठेवणार का?

निवृत्त अभियंता

चर्चा नाटकातच अडकू नये म्हणून लिहितो. नागरी प्रश्नांत ज्याला टीकाकार म्हणावे, तो स्तंभलेखक नसतो. तो अर्जदार असतो. त्याचे मराठी किंवा हिंदी कसे आहे याला काडीची किंमत नसते; त्याच्याजवळ आवक क्रमांक असलेली पोच असते.

३० मार्च २०२३ ची रामनवमी कोणी विसरले नसेल. पटेल नगरातील मंदिरात हवन चालू असताना जमीन खचली आणि ३६ माणसे बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, पडून गेली. ज्यावर लोक बसले होते ती जमीन नव्हतीच, जुन्या बावडीवर टाकलेले छत होते. तेथील बांधकामाविषयी रहिवाशांनी आधी तक्रारी केल्या होत्या आणि महापालिकेची नोटीसही निघालेली होती. म्हणजे टीका झाली होती, लेखी झाली होती, योग्य ठिकाणी पोहोचलीही होती. रामबागकरांना हवा तसा सुंदर लिहिणारा माणूस असता तर ते छत वाचले असते किंवा पाडले गेले असते, असे मला वाटत नाही. मी आयुष्यभर नस्त्या पाहिल्या आहेत. टीका नस्तीत शिरते आणि तिच्यावर दोरी बांधली जाते.

दुसरे असे की, या शहराचे आजवरचे सर्वांत बारकाईचे टीकात्मक लेखन बाहेरच्याने केलेले आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. होळकर दरबाराने त्यांना बोलावले आणि १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गल्ल्या पायी हिंडून त्यांनी सांगितले की, सरसकट पाडापाडी करून रुंद रस्ते काढू नका, मोजकी घरे हलवा, गल्ल्या मोकळ्या करा, नद्यांकडे लक्ष द्या. प्लेगचे दिवस होते. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली, तिच्यात उंदराची आणि घाणीच्या राक्षसाची सोंगे होती, आणि मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल हे कोणत्या वस्तीने घरे-अंगणे स्वच्छ केली त्यावर ठरणार होते. लोकांनी मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून झाडू हाती घेतले. आज आपण ज्या क्रमांकाचा तोरा मिरवतो, त्याची ही जुनी युक्ती पाहा. टीका करायची तर अशी, जिच्या शेवटी लोक काही करू लागतात.

एबी रोडवरचा प्रवासी

वरील सर्वांनी टीकाकार म्हणजे कोणी तरी निःस्वार्थी गृहस्थ असे धरून चालले आहे. माझा अनुभव निराळा आहे.

मी २०१३ पासून, म्हणजे बीआरटीएस सुरू झाली तेव्हापासून, आयबसने कामावर जात होतो. एबी रोडवर सुमारे साडेअकरा किलोमीटर बसला स्वतंत्र मार्गिका होती. मोटारी दोन्ही बाजूंना खोळंबलेल्या असत आणि आमची बस मधून निघून जाई. त्या मार्गिकेवर दहा-बारा वर्षे टीका झाली. ती वर्तमानपत्रांतून झाली, बैठकांतून झाली, न्यायालयातही गेली. ती करणाऱ्यांपैकी किती जण बसमध्ये चढले होते? मला खिडकीतून दिसे ते त्यांच्या मोटारींचे टप. २०२५ मध्ये न्यायालयाची परवानगी मिळाली आणि मार्गिकेची रेलिंग काढायला सुरुवात झाली. टीकाकार जिंकले. माझ्यासारखे प्रवासी आता त्यांच्यामागे रांगेत उभे असतात.

तेव्हा, रामबागकर, टीकाकाराची उणीव आहे असे मला वाटत नाही. टीका करण्यासाठी ज्यांना फुरसत, भाषा आणि ओळखी आहेत, त्यांचीच टीका ऐकू येते, ही खरी अडचण आहे. आणि मराठी मंडळींनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. होळकरांच्या काळापासून दरबारात, कचेरीत, शाळेत आपण पुढच्या खुर्चीवर होतो. आपल्या अभिरुचीला आपण शहराची अभिरुची समजत आलो.

रामबागकर

प्रवासीसाहेबांचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस लिहिले नाही, कारण बीआरटीएसविरुद्ध बोलणाऱ्यांत मीही होतो. माझा आक्षेप पलासियाजवळ पायी रस्ता ओलांडणाऱ्यांच्या हालांविषयी होता आणि तो आजही आहे. परंतु मी त्या बसमध्ये एकूण तीन वेळा बसलो असेन, तेही मोटार दुरुस्तीला दिली होती म्हणून. ‘डोळ्यांनी पाहिल्यावाचून न लिहिणारा’ ही अट मीच वर घातली आहे, आणि तिच्यावर मी स्वतः उतरत नाही. हे कबूल करतो.

अभियंतासाहेब, गेडिस यांच्याविषयी आपण लिहिलेत ते मोलाचे आहे. पण ते दरबाराचे पाहुणे होते आणि अहवाल देऊन परत गेले. त्यांच्या पाठीमागे कोणत्या गल्लीत काय झाले आणि काय राहिले, हे दर वर्षी विचारणारा कोणी येथलाच असायला हवा होता. बावडीच्या बाबतीतही मला हेच म्हणायचे आहे. नोटीस निघाली आणि थांबली, त्या थांबण्याच्या प्रत्येक महिन्यात ‘त्या नोटिशीचे काय झाले’ असे चार ओळींत छापणारे कोणी असते, तर दोरी बांधणाऱ्याला ती थोडी जड गेली असती. जीव वाचले असते असा दावा मी करीत नाही.

तालीममास्तर, त्या अभिनेत्रीविषयी वाचून वाईट वाटले. तरीही दिग्दर्शकाने ‘खरं सांगा हं’ म्हणून माझा हात धरला होता, ती पकड सहज म्हणून विचारणाऱ्याची नव्हती.

तालीममास्तर

तो दिग्दर्शक मीच होतो, हे आपण ओळखले नसेल असे मला वाटत नाही.

दुपारी चारचा मजकूरही माझाच. वर्तमानपत्राचे पान लवकर लागते, प्रयोगाला त्यांचा माणूस येत नाही, आणि आपण काही पाठवले नाही तर तेवढेही छापून येत नाही, म्हणून तो आधीच लिहून ठेवतो. गेली सहा-सात वर्षे मी आमच्या प्रत्येक नाटकाला प्रेक्षकांना खिळवून ठेवीत आलो आहे.

प्रकाशाची चूक त्या रात्री मला झोपू देईना. कोणी तरी ती काढील अशी वाट पाहिली. बायको सोडून कोणी काढली नाही, आणि तिचे म्हणणे असे की मुळात तो प्रसंग इतका लांबवायलाच नको होता. एक सुचवतो. पुढच्या नाटकाच्या तालमीला येऊन बसा आणि जे खटकेल ते तेथेच सांगा. छापण्यापेक्षा ते आम्हाला अधिक उपयोगी पडेल.

रामबागकर

ओळखले होते. म्हणूनच संस्थेचे नाव लिहिले नाही.

वहिनींचे म्हणणे बरोबर आहे, प्रसंग लांबला होता. तालमीला मात्र येणार नाही. महिनाभर आपल्या सोफ्यावर बसून चहा प्यायल्यावर मी आपला माणूस होईन आणि प्रयोगानंतर पुन्हा ‘छान’ म्हणेन. प्रयोगाला येईन, तिकीट स्वतः काढून, आणि जे वाटेल ते दुसऱ्या दिवशी याच धाग्यावर माझ्या नावाने लिहीन. इंदुरी मराठीला हात लावणार नाही. प्रवासीसाहेब, त्या दिवशी रवींद्र नाट्यगृहापर्यंत बसनेच यायचे ठरवले आहे. आपल्याकडून कोणती बस आणि किती वाजता निघावे, ते कळवा.