पद्मिनीला मागे टो-हूक लावून दोन सायकली नेता येतील का?

गिरगावचा_पॅडलवाला

नमस्कार मंडळी. गाडी १९७८ची प्रीमिअर पद्मिनी, बाबांची. गिअर स्टिअरिंगलाच, डायनॅमोही अजून तोच. रोज नाही काढत, पण रविवारी ती निघतेच.

अडचण अशी की मुलगी आता अकरा वर्षांची झाली आणि तिला माझ्याबरोबर सायकलवर लांब यायचंय. अटल सेतूवर सायकलला बंदी, सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवरही बंदी. राहिला वाशीचा पूल नाहीतर ठाणं, ट्रकच्या चाकाला चाक लावून. पोरीला घेऊन ते मी करणार नाही. म्हणून सायकली गाडीला लावायच्या, अटल सेतूचा २५० रुपये टोल भरून पलीकडे चिर्ल्याला उतरायचं आणि चिरनेरच्या बाजूला चालवायच्या असा बेत आहे.

डिकीला पट्ट्यांनी टांगायचा स्टँड एकदा वापरून झाला. शिवडी येईपर्यंत पट्टी ढिली पडली आणि माझ्या सायकलचं पेडल डिकीच्या पत्र्यात रुतलं. आठ आण्याच्या नाण्याएवढा पोचा आहे. बाबा असते तर आठवडाभर बोलले नसते.

आता एक फॅब्रिकेशनवाला म्हणतो, बंपरच्या ब्रॅकेटला चॅनल वेल्ड करतो, त्यावर टो-हूकचा, म्हणजे ट्रेलर अडकवायचा ५० मिमीचा बॉल, बॉलवर सायकलींचा स्टँड. साडेतीन हजार, सकाळी द्या, संध्याकाळी न्या. ट्रेलर ओढायचा नाहीये, फक्त दोन सायकली. कोणी केलंय का पद्मिनीला?

जुनालोखंड

भाऊ, आधी त्या वेल्डिंगवाल्याला थांबव. संध्याकाळी न्या म्हणतो तिथेच मला शंका आली.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते, सगळं बळ पत्र्याच्या घडीत. बंपरचं ब्रॅकेट फक्त बंपर धरण्यापुरतं असतं. तू म्हणतोस ट्रेलर नाही, फक्त सायकली. पण बॉलला सायकलींचा स्टँड ट्रेलरपेक्षा वाईट. ट्रेलरचं बरंचसं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, बॉलवर थोडं. स्टँडचं सगळं वजन हवेत लटकलेलं, आणि प्रत्येक खड्ड्याला तो बॉल मुळातून पिळतो.

हिशोब कर. स्टँड १५ किलो, दोन सायकली २५, झाले ४०. हे वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या साधारण १३५ सेंमी मागे येणार. तुझा व्हीलबेस २३४ सेंमी. म्हणजे पुढची चाकं २३ किलोने हलकी होणार आणि मागच्या कमानींवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर) ६३ किलो चढणार. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात दुप्पट धर. कमानी मूळच्याच असतील तर त्या आधीच सपाट झाल्या असतील.

करायचंच तर असं कर. डिकीतलं मॅट उचल आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जा. टणटण वाजला तर ठीक, बद्द वाजला तिथे आतून गंज. गंज निघाला तर हा विषय इथेच संपला, आधी पत्रा बदल. पत्रा शाबूत असेल तर आडवा चॅनल खालून दोन्ही बाजूंच्या लांब मेंबरांना (पत्र्याखालच्या उभ्या तुळयांना) धरायचा, एकाच बाजूला किंवा मधल्या पत्र्याला नाही. डिकीच्या आतून ५-६ मिमी जाडीची पट्टी टाकून पत्रा दोन्हीकडून सँडविच करायचा. वायसरवर भागवू नकोस, चार पावसाळ्यांत वायसर पत्र्यातून आरपार येतो. बोल्ट एम-१२, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला असला पाहिजे, नट नायलॉक, म्हणजे हादऱ्याने ढिला न पडणारा. नागदेवी स्ट्रीटला मिळतात, पण डोकं बघून घे, बिनआकड्याचे पण तोच रंग मारून विकतात. भोक मारलं की उघड्या कडेला लगेच झिंक प्रायमर. उद्या मारू म्हणालास तर मुंबईची हवा रात्रीतच तांबूस रंग देते.

वेल्डिंग पेट्रोल टाकी गाडीत असताना अजिबात नाही.

आणि लाइट. सायकली आल्या की मागचे दिवे झाकणार, म्हणून स्टँडवर दिव्यांची पट्टी लागेल. साधे बल्ब जोडलेस तर इंडिकेटरचा जुना फ्लॅशर लोड वाढल्यामुळे भराभर टिकटिकायला लागेल. एलईडी घे, डायनॅमोवरही ताण नाही. लोहार चाळीत मिळून जाईल.

मोजपट्टी

जुनालोखंड काका म्हणाले ते बळाचं सगळं बरोबर. पण मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही: गाडी किती रुंद आहे?

आमच्याकडे १९६६ची डिलाइट आहे, तीच बॉडी. आत्ता खाली जाऊन टेप लावला. १ मीटर ४६. मग नवऱ्याच्या रोड सायकलला लावला, टायरपासून टायरपर्यंत १ मीटर ६८. माझी एमटीबी (डोंगरी सायकल) १ मीटर ८३! म्हणजे मागे आडवी लावली की रोड सायकल दोन्ही बाजूंना ११ सेंमी बाहेर, एमटीबी साडेअठरा. तुम्हाला ती आरशात दिसणारही नाही. डाव्या बाजूने घुसणाऱ्या स्कूटरवाल्याच्या गुडघ्याला मात्र नेमकी दिसेल.

नव्या एसयूव्ही पावणेदोन-अठरा सेंटीमीटर कमी दोन मीटर रुंद, परदेशातले सगळे व्हिडिओ त्यांचेच. आपल्या गाड्या अंगाने बारीक.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे माल बाजूने किंवा मागे मर्यादेबाहेर गेला तर दंड २०,००० रुपये. नंबर प्लेट झाकली तर ते वेगळं. शिवाय तुमची गाडी दर पाच वर्षांनी आरटीओला दाखवावी लागतेच, तिथे कायमचा हूक बघून साहेब कलम ५२ काढणारच, गाडीत फेरफार केला म्हणून. २०१९ला सुप्रीम कोर्टाने त्या कलमाचा अर्थ चांगलाच कडक लावलाय.

अजून एक. २०२८ला तुमची गाडी पन्नाशीची होईल. २०२१च्या नियमाने व्हिंटेज म्हणून व्हीए नंबर घ्यावासा वाटला तर गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. अर्थात तो नंबर घेतला की चिरनेरला जायचं विसरा, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढंच. आम्ही म्हणूनच घेतला नाही.

पुढचं चाक काढलं तर रोड सायकल १३५ सेंमीत बसते, तेव्हा रुंदीचा प्रश्न सुटतो. पण चाकच काढायचं तर मागे कशाला टांगायची?

खवचट_दादरकर

वरच्या ताईंचं "पावणेदोन-अठरा सेंटीमीटर कमी दोन मीटर" वाचून माझं गणित कायमचं गेलं.

बाकी एवढी चर्चा चाललीय, पण पद्मिनीला सामान कुठे लावतात हे मुंबईत सांगावं लागतंय? वर! साठ वर्षं काळ्या-पिवळ्यांनी ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या सगळं टपावर नेलं. पद्मिनीला टपाच्या दोन्ही कडांना पन्हळ आहे, कॅरिअरचे पाय तिलाच चिमटतात. एक भोक मारायचं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ला ताडदेवला रजिस्टर झाली, वीस वर्षं भरून ऑक्टोबर २०२३ला ती बंद. कॅरिअर काय हवेत विरली? कुर्ल्याच्या भंगारात बघ.

मोजपट्टी

१८२ सेंमी म्हणायचं होतं. पावणेदोन मीटर ते १८२. टेप हातात घेऊन टाइप करत होते.

जुनालोखंड

दादरकर बरोबर बोलला, मान्य. मी हूक कसा बसवायचा ते सांगत बसलो, बसवावा का ते राहिलंच. फक्त पन्हळीतही गंज बघ, टॅक्सीची काय अन् घरची काय, पावसाचं पाणी तिथेच साचतं. आणि वर ३५-४० किलोच्या वर जाऊ नकोस. ६०च्या पुढे काटा नेऊ नकोस, पुलावर बाजूचा वारा लागतो तेव्हा कळेल.

गिरगावचा_पॅडलवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

हूक रद्द. कुर्ल्याला कॅरिअर मिळालं, ९०० रुपये, पाठीमागच्या पट्टीवर पिवळा रंग अजून आहे, तो मी घासलेला नाही. त्यावर सागाची फळी बोल्टने बसवली. जुन्या पुढच्या चाकांचे दोन हब (चाकाचे मधले तुंबे) सायकलवाल्याकडून फुकट आणले, फळीवर क्लॅम्पने बसवले, त्यात सायकलचा फोर्क (पुढचा चिमटा) अडकवून क्विक रिलीजचा खटका आवळायचा. मागचं चाक पट्टीने बांधायचं. सुटी चाकं डिकीत, जुन्या चादरीत.

पहिल्याच फेरीत शहाणपण आलं. गाडी, कॅरिअर आणि सायकल मिळून उंची अडीच मीटरच्या पुढे जाते, आणि आमच्या गल्लीत केबलच्या वायरी कुठे लोंबतात हे चाळीस वर्षं राहून माहीत नव्हतं. मुलगी आता पहाटे बांबू घेऊन पुढे चालते, वायर उचलते, मी खालून गाडी काढतो. दूधवाला रोज थांबून बघतो.

पुलावर ५५ने गेलो. चिर्ल्याला उतरून चाकं लावायला बारा मिनिटं. मग तेवीस किलोमीटर, भात नुकता कापलेला, पोरगी एकदाही दमून थांबली नाही.

एकच गोष्ट राहिली. कॅरिअरचे पाय पन्हळीत कुरकुरतात आणि रंग घासला जातोय. पायाखाली घालायला रबर कुठलं घेऊ? नागदेवीला शीट मिळतं ते फारच जाड आहे.

खवचट_दादरकर

सायकलची जुनी ट्यूब काप ना. घरात दोन सायकली आणि रबर आम्हाला विचारतोय!