ऊसतोडीआधी फडातल्या वाघाटीसाठी काय करावं? (जुन्नर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यात ओढ्याला लागून आमचा ऊस आहे. येत्या पंधरवड्यात तोड येईल. फडात वाघाटीची (ठिपक्यांचं छोटं रानमांजर) पिल्लं असावीत असा दाट संशय आहे, म्हणून आधीच विचारतोय.

संध्याकाळी मोटार चालू करायला गेलं की ती बांधावर दिसते. घरच्या मांजरापेक्षा लहान, करड्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर उभ्या पांढऱ्या रेघा. शेपटीवर ठळक वलयं नाहीत, त्यामुळे बाऊल (मोठं रानमांजर) नक्कीच नाही. हल्ली पोटाखाली दूध उतरलेलं दिसतं आणि दर वेळी ती एकाच सरीत शिरते.

वजन जेमतेम दीड किलो, जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. भारत, श्रीलंका, नेपाळ सोडून कुठे सापडत नाही. शेतातले उंदीर खाऊन आपलंच काम करते. तिच्या पिल्लांवर कोयता पडावा हे मला सहन होणार नाही.

मागच्या हंगामात शेजारच्या शिवारात टोळीला पिल्लं सापडली. बिबट्याची समजून आधी पळापळ झाली. मग वनरक्षकांनी ती क्रेटमध्ये घालून अंधार पडायच्या आत त्याच जागी ठेवली. आईने रात्री मानगुटीला धरून एकेक नेलं, पण एक मागे राहिलं, ते दुसऱ्या रात्री नेलं. मधल्या दिवशी अशा पिल्लाचं काय करायचं? थंडी असते, आणि गाईचं दूध पाजू नये एवढंच मला माहीत आहे.

दुसरं, तोड रस्त्याच्या बाजूने सुरू करून ओढ्याकडे नेली तर तिला निघून जायला वाट राहील असं वाटतं. बरोबर आहे का? ओढ्याकडच्या चार-पाच सऱ्या उभ्याच ठेवणार आहे. कारखान्याची तोड एकदा गेली की तेवढ्यासाठी कोणी परत येत नाही, म्हणून त्याचं बेणं करू. पण एवढा आडोसा तिला पुरतो का? पाचट पेटवणार नाही, कुट्टी करणार.

वस्तीवर मोकाट मांजरं आणि कुत्री बरीच आहेत. मांजरांशी वाघाटीचा संकर होतो असं म्हणतात, खात्री नाही; रोगही लागू शकतात. गावातल्या मांजरांची नसबंदी आणि लसीकरण कोणी करून घेतलंय का? खर्च मी करीन, सुरुवात कुठून करायची ते सांगा.

वनरक्षकांना कळवलंय, १९२६ हा वनविभागाचा नंबरही टोळीला देणार आहे. वाघाटी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पिल्लू घरी नेणं गुन्हा आहे, हेही मुकादमाला सांगायचंय. टोळी उतरायच्या आत, प्रत्यक्ष अनुभव असलेल्या कोणी लिहिलं तर फार बरं होईल.