लहान लेथवर रुंद पण उथळ बोअर लवकर कसे करावे?

प्रश्न

माझ्याकडे 180 मिमी स्विंगचा (म्हणजे 180 मिमी व्यासापर्यंतचे काम फिरवता येणारा) लहान लेथ आहे. त्यावर मला 20 मिमी जाडीच्या, 80 मिमी चौरस अशा चार अ‍ॅल्युमिनियम प्लेटांमध्ये 6205 बेअरिंगच्या बैठका करायच्या आहेत. बैठक 52 मिमी व्यासाची आणि 15 मिमी खोल हवी असून तिच्यामागे 44 मिमीचे आरपार भोक हवे आहे. माझ्या टेलस्टॉकच्या (लेथच्या मागच्या टोकाच्या आधाराच्या) ड्रिल चकात 13 मिमीपेक्षा मोठे ड्रिल बसत नाही, त्यामुळे तेवढे भोक पाडून पुढचे सगळे काम मी 8 मिमीच्या बोअरिंग बारने (भोक आतून मोठे करणाऱ्या दांड्यासारख्या टूलने) केले. बार सुमारे 60 मिमी बाहेर काढलेला होता. चॅटरिंगमुळे (टूलच्या थरथरण्यामुळे) त्रिज्येवर पाव मिमीपेक्षा जास्त कट घेता येईना, म्हणजे 13 पासून 52 पर्यंत जायला 78 कट झाले. पहिल्याच प्लेटला एक पूर्ण दुपार गेली आणि बोअर तळाकडे निमुळते झाले. उरलेल्या तीन प्लेटांसाठी यापेक्षा चांगली रीत कोणती?

उत्तर 1

आपल्या वर्णनातील दोन आकडे मला खटकले : 8 आणि 60. बोअर 15 मिमी खोल आणि प्लेट 20 मिमी जाड असताना बार 60 मिमी बाहेर काढण्याचे कारण नाही. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि बाहेर काढलेल्या लांबीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. म्हणून 16 मिमीचा बार केवळ 20 मिमी बाहेर ठेवला, तर जाडी दुप्पट झाल्याने 16 पट आणि लांबी एक तृतीयांश झाल्याने 27 पट, असा एकूण 432 पट ताठपणा मिळतो. (आरपार भोक करताना मात्र बार 25 मिमीपर्यंत काढावा लागेल, तरीही फरक प्रचंड राहतो.) उथळ बोअरची खरी सवलत हीच आहे आणि लहान लेथवर ती पुरेपूर वापरली पाहिजे, कारण यंत्राचे बाकी सगळे भाग आधीच हलके असतात.

जाड बार आत जाण्यासाठी सुरुवातीचे भोक मोठे लागते. आपल्या टेलस्टॉकला एमटी 2 टेपर (मोर्स टेपर मापाचे निमुळते भोक) असेल, तर चक काढून टेपर शँकचे (निमुळत्या दांड्याचे) ड्रिल थेट बसवता येते. त्या शँकमध्ये 23 मिमीपर्यंतची ड्रिले मिळतात. आधी 10 मिमीचे भोक घ्यावे, मग मंद गतीवर आणि रॉकेल सोडत 22 मिमीचे. टिप (बारच्या टोकाची कापणारी पाती) पॉलिश केलेली, धारदार, 0.4 मिमी नोज रेडियसची (टोकाच्या गोलाईची) घ्यावी आणि बार असा असावा की टिपची पुढची धार अक्षाशी साधारण 95 अंशांचा कोन करील. मग कटाचा रेटा मुख्यतः बारच्या लांबीच्या दिशेने जातो आणि बार आडवा वाकत नाही. 500 आरपीएमवर त्रिज्येवर 1 मिमीचा कट आपल्या लेथला जड जाऊ नये. तरीही चॅटरिंग झाले तर गती कमी करून फीड (दर फेऱ्याला टूल सरकण्याचे अंतर) किंचित वाढवावा; बहुतेक जण घाबरून फीड कमी करतात आणि टूल नुसते घासत राहते.

उत्तर 2

बारविषयी सहमत आहे, परंतु एवढ्या धातूच्या चिप्स करायच्याच कशाला? आरपार भोक हवेच आहे, तर ड्रिलिंग मशीनवर 38 मिमीच्या बायमेटल होल सॉने (नळीच्या आकाराच्या दातेरी करवतीने) मधली चकती अखंड काढावी. त्यानंतर 44 पर्यंत त्रिज्येवर 3 मिमी आणि तिथून 52 पर्यंत 4 मिमी, म्हणजे एकेक मिमीचे केवळ 7 कट उरतात. 20 मिमी जाडीत चिप्स अडकून दात तापतात, म्हणून होल सॉ जिथून जाणार त्या वर्तुळाला आतल्या बाजूने छेदणारी 6 मिमीची एकदोन भोके आधीच पाडावीत. चिप्स त्यांतून खाली पडतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. होल सॉने मध्यबिंदूच निघून गेल्यावर फोर-जॉ चकात (चार स्वतंत्र जबड्यांच्या पकडीत) प्लेट मध्यावर कशी आणावी? आणि पहिल्या प्लेटचे बोअर मशीनवर मोजताना बरोबर होते, सकाळी मात्र बेअरिंग आत जाईना, हे कशामुळे?

उत्तर 2

भोक पाडण्यापूर्वी प्लेटच्या मध्यातून दोन छेदरेषा कडांपर्यंत ओढाव्यात आणि डिव्हायडरने 56 मिमीचे वर्तुळ आखावे. चक हाताने फिरवून ते वर्तुळ टोकदार सुईशी जुळवावे. होल सॉचे भोक खडबडीत असते, त्यावर डायल (सूक्ष्म हालचाल दाखवणारे मापक) लावू नये. प्लेटच्या मागे समान जाडीचे पॅकिंग ठेवावे, म्हणजे आरपार जाताना टूल चकाला लागणार नाही.

उत्तर 1

बेअरिंग अडकले ते तापमानामुळे. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन प्रसरण पावते, म्हणून प्लेट 30 अंशांनी तापली असेल तर 52 मिमीचे बोअर सुमारे 0.036 मिमी मोठे मोजले जाते. या व्यासासाठी एच 7 ची (भोकाच्या मापाच्या अचूकतेच्या प्रमाणित श्रेणीची) संपूर्ण मर्यादाच 0.030 मिमी आहे. त्यामुळे त्रिज्येवर 0.2 मिमी शिल्लक असताना थांबावे, प्लेट हाताला गार लागेपर्यंत वाट पाहावी आणि मगच शेवटचे दोन हलके कट घ्यावेत. शेवटच्या कटानंतर क्रॉस स्लाइड (टूल आडवे सरकवणारा भाग) न हलवता टूल त्याच मापावर पुन्हा एकदा आत न्यावे. तळाकडचा निमुळतेपणा बराचसा त्यात निघतो. माप व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी न घेता टेलिस्कोपिक गेज (भोकात फाकून आतले माप पकडणारे साधन) आणि मायक्रोमीटरने घ्यावे, आणि प्लेट चकातून सोडण्यापूर्वी प्रत्यक्ष बेअरिंग लावून पाहावे.