घरोघरी भाजणी विकायची तर
चकलीची भाजणी आणि मेतकूट घरोघरी विकायचंय, पण अनोळखी दार वाजवायला संकोच वाटतो, असं वर विचारलंय. ताई, मी सहा वर्षं हेच केलंय. पहिल्या फेरीत विकायला नाही, चव द्यायला जा. पन्नास ग्रॅमची पुडी हातात ठेवा, पैशांचा विषय काढू नका, आठवड्याने त्याच दारात परत जा. खरी विक्री या दुसऱ्या फेरीत होते.

सकाळी डब्यांची घाई, दुपारी डोळा लागलेला. चार ते सहा बरं. सोसायटीत आधी सचिवांना विचारा, नाहीतर वॉचमन फाटकावरच अडवतो. माल घरगुती असला तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. पाकिटावर तो 14 अंकी क्रमांक, वजन, बनवल्याची तारीख हवीच.

उधारीवर द्या, असं वर एकांनी सुचवलंय, ते मला अजिबात पटत नाही. माझे पहिल्या दिवाळीचे पैसे तसेच अडकले आणि मागायला गेल्यावर ओळखीची दारंही परकी झाली.

चकली तेलात विरघळली अशी तक्रार आली, तर वाद न घालता मोहन, म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, किती घातलं ते विचारा. बहुतेकदा तेच जास्त झालेलं असतं.