फौज सोडल्यावर पुन्हा वर्गात, मग सिव्हिलमधली नोकरी: तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा

उन्हाळवाट

काल दिव्यांच्या माळा काढायला माळ्यावर चढले आणि हात लागला तो माझ्या काळ्या ट्रंकेला. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. आत ओव्हरकोट आणि तळाशी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये माझा पहिला बायोडेटा. फौज सोडल्यावर आयआयएमच्या कोर्सला असताना एका नौदलवाल्या वर्गमित्राने लाल पेनने तपासून दिलेला. एक ओळ धड सोडली नव्हती त्याने. ‘ओसी’वर काट मारून ‘विभागप्रमुख’. ‘एडब्ल्यूएस’भोवती गोल आणि समासात, ‘हे बाहेरच्या कुणाला कळणार? सरळ लिही, काय केलंस ते.’ माळा राहिल्या बाजूला, तिथेच बसून सगळं वाचलं.

मी २००४ ला चेन्नईच्या ओटीएतून (ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमी) बाहेर पडले, आर्मी सर्व्हिस कोर (फौजेची रसद बघणारी) मिळाली. तेव्हा आमच्याकडे बायकांना शॉर्ट सर्व्हिसच. पाच वर्षं, मग वाढवून दहा, मग चौदा, की निरोप. अधिकाऱ्यांना पेन्शनला वीस वर्षं लागतात, ती भरतच नाहीत. २०१८ ला बाहेर आले तेव्हा ३७ वर्षांची होते. बायकांना पर्मनंट कमिशन (म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी) देण्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १७ फेब्रुवारी २०२० ला. ऑफिसात मीटिंगमध्ये फोनवर बातमी वाचली, बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि रडले. माझ्या नंतरच्या पोरींसाठी आनंद होताच. पण दोन वर्षं, फक्त दोन वर्षं.

तर कोर्सच्या आधी एक इंटरव्ह्यू दिला होता. ‘वेअरहाउसिंगचा अनुभव?’ मी म्हटलं, नाही. ‘सप्लाय चेन?’ नाही. ‘अपेक्षित सीटीसी?’ मला सीटीसी म्हणजे वर्षाचं एकूण पगाराचं पॅकेज, हेच माहीत नव्हतं. घरी येऊन आईला म्हटलं, मला बाहेरचं काहीच येत नाही गं.

आणि मी लेहला दोन मोसम हिवाळी साठ्याचं काम केलेलं! (तेच ते एडब्ल्यूएस, ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग.) झोजिला (लेहच्या वाटेवरची खिंड) बर्फाने बंद व्हायच्या आत महिनोन्‌महिन्यांचं पीठ, डाळ, टिनचे डबे, बुखाऱ्यांचं (खोली गरम करायच्या शेगड्या) रॉकेल वर पोचवायचं. एकदा रस्ता बंद झाला की चुकीला माफी नाही, जे राहिलं ते राहिलं. पुढे अहमदाबादला आयआयएमच्या त्या लाल विटांच्या इमारतीत सरांनी फळ्यावर ‘लीड टाइम’ (मागणीपासून माल पोचेपर्यंतचा वेळ) आणि ‘सेफ्टी स्टॉक’ (अडीअडचणीचा जादा साठा) लिहिलं, उदाहरण होतं साबणाच्या कंपनीचं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र २० लिटरच्या जेरीकॅनच्या रांगा. तास संपेपर्यंत वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

कोर्स सहा महिन्यांचा. फीमधला ६० टक्के वाटा पुनर्वसन महासंचालनालयाचा (डीजीआर), ४० टक्के आपला. आता सहा वर्षं एका कंपनीत गोदामांचं काम बघतेय आणि मनापासून आवडतंय.

तुमचं कसं झालं? स्वतःचं, वडिलांचं, नवऱ्याचं, बायकोचं, कुणाचंही लिहा.

कृष्णाकाठ

ताई, ट्रंकेचं वाचून पोटात कालवलं. आमच्या अप्पांची अजून पलंगाखाली आहे.

अप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. १७ वर्षं करून पेन्शनीवर आले तेव्हा ३६ वर्षांचे, मी नववीत. गावात लोक म्हणायचे, आता काय, आराम! आराम कसला, दोघं शिकणारी पोरं आणि दीड एकर कोरडवाहू. सहा महिने एका सोसायटीच्या गेटवर उभे राहिले. मग कुणीतरी सांगितलं की दहावी आणि १५ वर्षं सेवा असली की पदवीच्या बरोबरीचा दाखला मिळतो आणि सरकारी बँकांत क्लार्कच्या साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांना असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाबूंनी बसवून फॉर्म भरून घेतला, त्यांचे उपकार विसरणार नाही.

माझं दहावीचं वर्ष आणि अप्पांची बँकेची परीक्षा एकाच साली. एका कंदिलाखाली (लोडशेडिंग!) मी बीजगणित आणि अप्पा सरासरी-टक्केवारी. शेकडेवारी मी शिकवली त्यांना. दुसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्या दिवशी बूट असे चमकवून गेले की मॅनेजर उठून उभे राहिले म्हणे.

निळंशार

वाचतेय सगळं. कुकर लावलाय, मुलाला क्लासला सोडायचंय. नवरा नेव्हीतून बाहेर पडला त्याचं मोठ्ठं लिहायचंय, रात्री येते.

शेंगदाणा

@कृष्णाकाठ, शेकडेवारीचं वाचून डोळे भरले राव.

पानगळ

मी पलीकडच्या बाजूची. एचआरमध्ये आहे, फौजेतून आलेल्या बऱ्याच जणांचे इंटरव्ह्यू घेतलेत. एक गोष्ट कळायला मला फार वेळ लागला. ही माणसं ‘मी’ म्हणत नाहीत. विचारलं, पुरात एवढे लोक काढले त्यात तुमचं काम काय? उत्तर, ‘आम्ही तीन दिवसांत पूल उभा केला.’ अहो पण तुम्ही? ‘आमच्या पोरांनी कमाल केली.’ सुरुवातीला मी शेऱ्यात लिहायचे, ‘वैयक्तिक योगदान स्पष्ट नाही’. असे दोघंजण माझ्या हातून नाकारले गेले. आज त्याचं वाईट वाटतं. आता मी प्रश्नच बदललाय. त्या दिवशी शेवटचा निर्णय कुणाचा होता आणि तो चुकला असता तर कुणाला जाब विचारला असता, असं विचारते. मग मात्र बरोबर सांगतात.

उन्हाळवाट

@पानगळ अगदी, अगदी. माझ्या त्या बायोडेटात लाल पेनने सात ठिकाणी ‘आम्ही’चं ‘मी’ केलंय. लिहिताना चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

ओझरकर

एअरफोर्समध्ये एअरमन, २० वर्षं, त्यातली शेवटची ओझरला. नोकरीत असतानाच इग्नूचं (मुक्त विद्यापीठ) एमबीए केलं. रात्रपाळी करून असाइनमेंट लिहायच्या, हाताला ग्रीसचा वास तसाच. लोक विचारतात एमबीएचा फायदा झाला का. खरं सांगू, नोकरी विमानाच्या कामावर मिळाली, एमबीएवर नाही. पण चार वर्षांनी वरची जागा निघाली तेव्हा बजेट वाचता येणारा तंत्रज्ञ मी एकटाच होतो. तेव्हा उपयोगी पडलं. म्हणून सांगतो, पेन्शनीची वाट बघू नका, आतमध्ये असतानाच सुरुवात करा.

बाकी लंगरच्या (फौजेतलं स्वयंपाकघर) शक्करपाऱ्यांची आठवण कुणाला येते का? घरी शंभर वेळा केले, तसे होत नाहीत.

शेंगदाणा

मोहन कमी पडत असेल. कडकडीत नको, कोमट तूप घाला आणि मंद आचेवर तळा.

ओझरकर

मंद आचेवरच तळतो हो. पाचशे माणसांच्या कढईत होतात तसे चौघांच्या कढईत होत नाहीत, एवढंच.

फलटणचे सुभेदार

माझे लिखाण साधे आहे, सांभाळून घ्यावे. मी २८ वर्षे नोकरी केली. निघताना डीजीआरचा मॅनेजमेंटचा कोर्स केला, आम्हा जेसीओ (सुभेदार वगैरे) व जवानांना फी नसते. कोर्स चांगला होता. चूक पुढे झाली. एका कंपनीची एजन्सी घेतली, गावात मिनी सुपर मार्केट. ग्रॅच्युइटीतले नऊ लाख त्यांच्याकडे भरले. कागदावर सही करताना समोरचा माणूस ‘जय हिंद साहेब’ म्हणाला, मी पान उलटून वाचलेही नाही. फौजेत शब्दावर काम होते. माल आला दोनदा, नंतर फोन बंद. पत्नी एक शब्द बोलली नाही, त्याचेच जास्त लागले.

आता म्हशी आहेत सहा. दूध डेअरीला जाते. रोजचा हिशेब कोर्समध्ये शिकवला तसा वहीत ठेवतो, चारा, पेंड, डॉक्टर, सर्व. मागच्या वर्षी प्रथमच नफा दिसला. नवीन पेन्शनर झालेल्या सर्वांना हात जोडून विनंती, पहिले एक वर्ष मोठ्या रकमेला हात लावू नका.

कृष्णाकाठ

सुभेदार साहेब, नमस्कार. अप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांना सांग, सहा म्हशी पोसणारा माणूस हरलेला नसतो. फलटणला आलो की भेटायला येणार आहेत.

उन्हाळवाट

साहेब, जय हिंद. तुमची विनंती कोर्सच्या पहिल्याच तासाला वाचून दाखवली पाहिजे.

दूरदेशी

टेक्सासमधून. इथे माझ्यासोबत एमबीएला सहाजण अमेरिकन सैन्यातून आलेले होते. त्यांना ९/११ नंतरच्या जीआय बिलातून (सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणारा कायदा) ३६ महिन्यांचं शिक्षण मिळतं, फी आणि वर घरभाड्यासाठी भत्ता. त्यातल्या एकाच्या मांडीला मांडी लावून अकाउंटिंग शिकलो. वर्गात कुणी खुर्ची जोरात सरकवली की तो दचकायचा. मग आम्ही सगळ्यांनीच खुर्च्या उचलून ठेवायची सवय लावून घेतली. त्यावर कुणी कधी काही बोललं नाही.

पोळीभाजी

माझा धाकटा भाऊ अग्निवीर आहे, पहिल्या तुकडीतला, जानेवारी २०२३ ला ट्रेनिंगला गेला. चार वर्षं संपत आली की कायम ठेवतात त्या २५ टक्क्यांत नंबर लागतो का बघायचं, नाही तर बाहेर. सेवा निधीचे (चार वर्षांनी मिळणारी एकरकमी रक्कम) साधारण ११.७१ लाख मिळतील. घरात आत्ताच तीन मतं आहेत. बाबा म्हणतात जमीन, आई म्हणते लग्न, तो म्हणतो एमबीए. बारावी झालीय फक्त. काय सांगू त्याला?

ओझरकर

बारावीवर एमबीए नाही व्हायचं, आधी पदवी. इग्नूची अग्निवीरांसाठी खास पदवी आहे, त्यात निम्मे क्रेडिट नोकरीतल्या प्रशिक्षणाचे धरतात. नाव घातलं नसेल तर आधी ती चौकशी करायला सांगा. रकमेचं सुभेदार साहेबांनी सांगितलंय तेच.

पानगळ

आणि रोज काय काम केलं ते एका वहीत लिहून ठेवायला सांग. गुपित असेल ते सोडून. २३-२४ व्या वर्षी इंटरव्ह्यूला बसेल तेव्हा ती वहीच कामाला येईल.

निळंशार

आले. पोरगा झोपला.

नवऱ्याने २२ वर्षांनी नेव्ही सोडली. एक वर्षाचा पूर्णवेळ एमबीए, वर्गात बाकीचे त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. सगळे त्याच्याबद्दल विचारतात म्हणून मी माझं लिहिते. २२ वर्षांत अकरा घरं. कोचीन, विझाग, मुंबई, कारवार, परत कोचीन. तीन शाळांत शिकवलं, तिन्ही सोडल्या. तो कॅम्पसला गेला आणि मी पुण्यात पहिल्यांदा आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. भिंतीत खिळा ठोकताना हात अडला. क्वार्टरमध्ये परवानगीशिवाय खिळा ठोकायचा नाही, जाताना सगळं होतं तसं करून द्यायचं. पाच मिनिटं हातोडी घेऊन उभी होते. मग एकामागून एक आठ खिळे ठोकले.

त्याचं म्हणाल तर पहिल्या नोकरीत फार एकटा पडला. संध्याकाळी सहाला सगळे आपापल्या गाड्यांत बसून घरी. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं पोर दहावीला आहे, हे त्याला माहीत असायची सवय. इथे शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे वडील गेले ते याला आठवड्याने कळलं, तेही मेलवरून. दुसऱ्या दिवशी हा अर्धी रजा टाकून त्यांच्या घरी गेला. तो माणूस आज त्याचा सगळ्यात जवळचा मित्र आहे. मी बीएड करतेय, ४४ व्या वर्षी. बाकी उद्या लिहिते.

शेंगदाणा

आठ खिळे! लिहा हो ताई, उद्या वाट बघतो.

पोळीभाजी

भावाला सगळं पाठवलं. ड्यूटीवर आहे, रात्री वाचतो म्हणाला. @उन्हाळवाट, तुमच्या त्या लाल पेनवाल्या बायोडेटाचा फोटो टाकाल का? नाव झाकून.

उन्हाळवाट

टाकते रविवारी. त्या मित्राला आधी विचारते, अक्षर त्याचं आहे. आणि ट्रंकेच्या तळाला गंज धरलाय, त्यावर काय लावायचं कुणी सांगेल का?

ओझरकर

पॉलिश पेपरने घासा, मग रेड ऑक्साइडचा एक हात, वाळला की काळा ऑइल पेंट. नावावर टेप लावून घ्या आधी.