मदत हवी आहे: नॉर्वेत ओस्लो ते बर्गन, फ्लोममार्गे एका दिवसात की मुक्काम करून?

जूनमध्ये सकाळी ओस्लोहून रेल्वेने म्युर्डाल, तिथून फ्लोमची गाडी (२० किलोमीटरमध्ये ८६६ मीटरवरून थेट फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठाला उतरते), मग बोटीने गुडवांगेन, बसने व्हॉस आणि रेल्वेने बर्गन असा बेत आहे. अडचण बोटीची: ती चुकली की पुढची सगळी जोडणी कोलमडते. सोबत सत्तरीचे आईबाबा आणि दोन जड बॅगा. शिवाय बोटीच्या वाटेवरचा नॅरॉयफ्योर्ड सर्वात अरुंद जागी जेमतेम २५० मीटर. दोन्हीकडे सरळसोट कडे, वरून कोसळणारे धबधबे. तिथे बोटीवर दोनच तास मिळतात, तेही घड्याळाकडे बघत घालवणं जिवावर येतं.

फ्लोमला एक रात्र राहावं का? बॅगा ओस्लोहून परस्पर बर्गनच्या हॉटेलवर पाठवायची सोय कुणी वापरली आहे का? वेळेत पोचतात का?